डावी टाच

आधी तिनं विचारलं, पूर्व कुठं?
आमच्या स्टुडिओला खिडकी नाही.
चारी भिंती काळ्या, छताच्या कडेनं अठरा कॅमेरे,
जमिनीच्या मधोमध चिकटपट्टीची फुली.
तिथं शून्य. तिथून सगळं मोजायचं.
थिरुसेल्वमनं फोन काढला, स्वतःभोवती फिरला,
म्हणाला, पूर्व तिकडं, आग विझवायच्या लाल नळकांड्याकडं.
मग रेबाबवाला नळकांड्याखाली बसला
आणि मेक कलसोम त्याच्या समोर,
गुडघे हातांनी उचलून, एकेक करून दुमडत.

मेणबत्ती लावायची सोय नव्हती, धुराचा भोंगा आहे.
तिनं ती न पेटवताच ठेवली लाह्यांच्या वाटीशेजारी
आणि जे कोण ऐकत असतील त्यांना
केलान्तानच्या बोलीत काहीतरी समजावून सांगितलं,
परक्या घरात आपल्या माणसांची समजूत काढावी तसं.

एकाहत्तर वर्षांच्या अंगावर घट्ट काळा पोशाख.
"मासळी झालेय," म्हणाली, "अजून न सोललेली."
त्रेपन्न मणी मी माझ्या हातानं चिकटवले,
खांदे, कोपर, मनगट, घोटा.
बोटांना मात्र पुरेनात.
बोटं मागं वळायची केळफुलाच्या पाकळीसारखी
आणि कॅमेऱ्यांना करंगळी दिसेनाशी व्हायची.
दोन तासांत अकरा वेळा हरवली.
यंत्र अशा वेळी अंदाज बांधतं.
अंदाज चांगला असतो.
करंगळी नसते.

रात्री मी तिला साफ करायला बसले.
साफ करणंच म्हणतात आमच्यात:
थरथर काढायची,
घामानं घसरलेला मणी जागेवर आणायचा.
डाव्या टाचेच्या रेषेत दर फेरीला
एकाच ठिकाणी टोक वर आलेलं,
चार बोटं उंच, विनाकारण.
नऊ फेऱ्या, नऊ टोकं.
इस्त्री फिरवावी तशी सपाट केली.

सकाळी तिला पडद्यावर दाखवलं:
करडी, बिनचेहऱ्याची, नुसत्या हाडांची एक बाई
काहीच नसलेल्या जागेत नाचतेय.
मेक कलसोमनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
माझ्यापेक्षा बारीक आहे, म्हणाली.
मग एकदम तोंडावर हात:
"गेली! म्हशीवर पडली!"

तुंपातला तिच्या गुरूचं घर लाकडी खांबांवर होतं.
पुढच्या खोलीत शिकवणी.
तिसऱ्या वळणाला एक फळी मोडलेली,
भोकातून खाली बांधलेल्या म्हशीची पाठ दिसायची,
ओली, काळी, वरखाली होणारी.
मोक सेलामा कधी म्हणाली नाही, टाच उचला.
तिनं उचलली. पोरींनी उचलली.
फळी पुढं बसवली, की घरच गेलं, आठवत नाही.
म्हैस तर गेलीच.

"सिमेंटवर नाचले, वाळूवर नाचले,
बंदीच्या वर्षांत स्वयंपाकघरात,
भांड्याला भांडं लागू न देता.
टाच आपली उचलतेय.
माझ्या हाताखालच्या पोरी विचारायच्या, हे कशासाठी?
मी सांगायचे, पूर्वजांसाठी.
म्हशीसाठी म्हटलं असतं
तर कोण उचलणार होतं?"

मी नऊही टोकं परत आणली.
नशीब, मूळ नोंद मी कधी पुसत नाही.
थरथरही आणली, ती तिनं मागितली नव्हती.
करंगळीचं काही करता आलं नाही.

फाईलच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो,
बहुतेक रिकामाच जातो.
त्यात लिहिलं:
डावी टाच, तिसरं वळण. इथं फळी नाही. खाली म्हैस.

मेणबत्ती ती विसरून गेली.
कीबोर्डशेजारी आहे, वात अजून पांढरी.
सोमवारी विभागप्रमुखांचा निरोप आला,
शेरा स्पष्ट करावा.
अजून केलेला नाही.