पेल्यांची उतरंड

किल्लारीच्या भूकंपानंतर अण्णांनी
उशाशी पेल्यांची उतरंड रचली.
स्टीलचे पाच पेले, पालथे, एकावर एक.
"भुई हालली की हे आधी बोलत्याल," म्हणायचे,
"मग आपुन पळायचं."

औशाकडचं आमचं घर पडलं नव्हतं.
मागच्या भिंतीला चीर गेली होती, माझं बोट जाईल एवढी.
तरी दीड वर्ष झोपलो अंगणात, पत्र्याखाली.
घरात जायचं ते पीठ आणायला,
तेही एका दमात.

तेव्हा मी बारा वर्षांची.
आता चव्वेचाळीस, राहणार लातूर,
उजव्या मनगटावर सुईएवढा डाग,
तिथून तार आत गेली.
डॉक्टर म्हणाले, ताई, नळी मोकळी झाली,
आता घाबरायचं कारण नाही.

त्या दिवशी तरी कुठं होतं कारण?
कुंदाच्या ब्लाऊजला हुक लावत होते.
पाठीत कळ, जबड्यात कळ, घाम.
जाऊबाईंनी ओवा दिला चावायला.
बायांना कुठं येतो अटॅक, म्हणाल्या,
पित्त असंल.
दोन तास ओवा चावला मी.

आता पदराच्या गाठीत जिभेखालची गोळी.
गंजगोलाईला चालायला जाते,
तर प्रत्येक रस्ता मोजते
दवाखान्यापासून किती लांब तो.
हसू आलं तर आधी आत कान देते,
मग हसते.
तोवर विनोद निघून गेलेला असतो.

रात्री विश्वंभर झोपेचं सोंग घेतात.
त्यांचा श्वास माझ्या श्वासामागं चालतो,
माझा अडखळला की त्यांचा थांबतो.
बोलत नाही आम्ही.
पण मला कळलंय,
या घरात उतरंड कोण झालंय.

एका रात्री पेले खरंच पडले.
खण्णकन्.
अण्णांनी मला उचललं, मायनं धाकट्याला,
सगळे उठून उभे,
आणि मग कुणालाच कळेना पळायचं कुठं.
अंगणातच तर होतो आम्ही.
पत्र्यावरून मांजर खाली बघत होतं.
आधी माय हसली.
मग तिनं चूल पेटवली,
त्याच पेल्यांत चहा दिला,
रात्रीचे तीन वाजले असतील.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पेले घासून पुन्हा रचले.
चारच.
एक मायनं परत दिला नाही.

परवा पहाटे छातीत काहीतरी ओढलं.
आकडे मोजत पडून राहिले,
एकेचाळीसला ढेकर आला.
अंधारात शेजारून आवाज,
"झालं?"
"झालं," म्हटलं.
दोघंही हसलो नाही.
पण ते उठले, बिनसाखरेचा चहा ठेवला.

आज पदराची गाठ सोडली.
गोळी शिलाई मशीनच्या खणात ठेवली,
बॉबिनच्या डबीशेजारी,
हात पुरेल इतक्या अंतरावर.