दर (रुपये, प्रति एकर)

ज्वारी काढायला आल्यावर पाठवलं आम्हाला,
म्हणजे बोलायला कुणाला सवड नसते तेव्हा.
मंगळवेढ्याच्या स्टँडवरून वडाप, फाट्यापासून पायी,
गळ्यात ओळखपत्र, पिशवीत टॅब,
टॅबात अडतीस रकाने:
नांगरट, रोटर, पेरणी, फवारणी, मळणी,
भाड्यानं करून घेतलेलं प्रत्येक काम
आणि त्याला मोजलेला पैसा.

दऱ्याप्पा बिराजदार उपटलेल्या ताटांवर टेकला,
डोक्याचा टॉवेल सोडून मान पुसली.
"नांगरटीला किती दिलं? कुठल्या नांगरटीला?
उन्हाळ्यातल्या का पाऊस पडून गेल्यावरच्या?
रोख का सुगीवर?
डिझेल माझं धरून का त्याचं?"
एकच आकडा मावतो, मामा, मी म्हटलं.
"मग मावंल तेवढंच लिवा की."
चोवीसशे.

गैबीसाब मुलाणी मळणीचा दर सांगून थांबला नाही.
मशीनवाल्याच्या पोरांना भाकरी, दोनदा चहा,
सांजच्याला येतो म्हणून रात्री दीडला आले
त्या जागरणाचं काय लावता?
काही लावत नाही, चाचा.
तो हसला. मी पुढच्या रकान्यावर गेले.

काढणीच्या बायकांचा रोज तीनशे,
वर जाताना कडब्याची एक पेंडी.
पेंडी केवढी?
"जेवढी बाईच्या कवेत येईल तेवढी."
टॅबला कव ठाऊक नव्हती.
किलो, क्विंटल, नग.
मी नग निवडलं. एक लिहिलं.
बांधावरून एक धिप्पाड बाई चालली होती,
कवेत तिच्या अर्धं रान.

ओढ्यापलीकडं दोन भाऊबंद,
एक बैल ह्याचा, एक त्याचा.
"सावड हाय. आज त्याच्यात, उद्या माझ्यात.
दर कसला त्यात?"
शून्य टाकलं. टॅब म्हणाला, माहिती अपूर्ण.
त्यांना मी वगळलं.

ऊन कलताना सुगलाबाई माळगोंडे. अडीच एकर.
माझ्याकडं नाही, टॅबकडं बघून बोलली:
सत्तावीसशे.
रकाना लाल झाला.
दर अपेक्षित मर्यादेबाहेर. कृपया पुन्हा विचारा.
म्हणून पुन्हा विचारलं.

ट्रॅक्टर तोच, महांतेशचा.
फाळ तेच, ड्रायव्हर तोच,
माती दऱ्याप्पाच्या बांधाला लागलेली, तीच काळी.
मग?

"मला काय चावडीवर जाऊन बसता येतंय व्हय, बाई.
फोन लावला की म्हणतंय, आलोच काकू.
गडीमाणसांची रानं झाली की मग माझं.
तवर वाफसा जातोय, ही एवढाली ढेकळं निघत्यात.
मग त्योच म्हणतोय, जमीन लई कडक झाली,
तीनशे वर लागतील."

शेऱ्याला जागा चाळीस अक्षरांची.
आधी लिहिलं, बाई एकटी असल्यामुळं. खोडलं,
तिच्यादेखत ते लिहवेना.
मग लिहिलं: उशिरा नांगरट, जमीन कडक.
बसलं. लाल गेलं, हिरवं आलं.
काय लिवलं, वाचा की, म्हणाली.
वाचलं.
थोडा वेळ खुरप्याची माती बोटानं काढत राहिली.
"सगळं जमिनीच्या अंगावर घातलंत की.
असू द्या. खोटं काय न्हाई त्यात."

फाट्यावर चिंचेखाली उभी राहून
दिवसभराचं सगळं वर पाठवलं.
रेंज येत होती, जात होती.
खाली आपोआप सरासरी आली: चोवीसशे त्र्याऐंशी.
आज भेटलेल्यांत
एवढे पैसे कुणीच दिले नव्हते.

वडाप आलं, खच्चून भरलेलं.
मागल्या दाराशी अर्धी मांडी टेकायला मिळाली.
सकाळी वीस घेतले होते,
आता तीस म्हणाला.
का हो?
"ताई, शेवटची गाडी हाय."

मी तीस दिले.
पिशवीत टॅब अजून गरम होता.