घरातल्या घरात

गोत्री रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेनऊला
कृपाल म्हणतो, एवढा जीव काय काढतेस,
एक ब्रॉडकास्टच तर आहे, कोण सांभळवानुं छे?

मी म्हणते, तेच तर माहीत नाही.
'साठा संपला' एवढाच निरोप,
औषधांच्या यादीनं बिलाच्या पडद्याला द्यायचा.
पण पत्ता घातला नाही तर तो
अख्ख्या फोनच्या चौकात दवंडी पिटत फिरतो,
आणि कुठलंही फालतू टॉर्चचं ॲप
कान देऊन ऐकतं
कोणाच्या दुकानातलं इन्सुलिन संपलं.

म्हणून एक ओळ: आपल्याच पॅकेजचं नाव.
एक रिसीव्हरच्या दारावर: बाहेरच्यांसाठी नाही.
तिसरी कृपाल दर वेळी विसरतो.
पडदा मिटताना नोंद काढायची,
नाहीतर पडदा जातो नि कान मागे राहतात,
मेमरी अडवून,
उगाच.

मधेच आईचा फोन.
मराठी म्हणजे या ऑफिसात माझी बंद खोली,
भिंती नसलेली.
बिनधास्त बोलते: नाही गं, अजून तासभर.
हा कृपाल? डोकं खातो. बावळट आहे.
पण माझ्या डब्यातलं कारलं
न सांगता संपवतो रोज...
बघू.
कृपाल समोरच लॉग वाचत बसलेला,
त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

कप गोळा करायला आलेले जशुकाका
ट्रे पुसता पुसता म्हणतात,
"कारलं खातो म्हणजे पोरगा टिकेल हो, ताई."

मराठीत. तेही 'हो' लावून.

माझी कानशिलं तापतात.
दांडिया बाजारात होतो आम्ही, काका सांगतात,
वर दिघे मास्तर, खाली आमची खोली.
ते पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे,
मी जिन्यात बसून.
मास्तर गेले, बिऱ्हाड गेलं, तिथं आता बँक आहे.
एकोणतीस एके एकोणतीस काही जात नाही डोक्यातून.

साठ वर्षं झाली असतील.
कोणी नोंद काढलीच नव्हती.

शुं कह्युं काकाए? कृपाल विचारतो.
काही नाही, मी म्हणते, इंटर्नल होतं.
काका हसत खाली जातात, जिन्यात कप वाजत राहतात.

मी तिसरी ओळ लिहिते.
लिहावीच लागते.
फोनमध्ये जागा कमी असते.