चार हजारांपाशी

डाळ मिल बंद झाली,
माझ्या डाव्या कानात ती चालूच राहिली.
सव्वीस वर्षं चाळण्या, पट्टा, एलेव्हेटरची साखळी.
कापसाचे बोळे मी कधी घातले नाहीत;
बेअरिंग जायला लागलं की आधी कानाला कळायचं.

पहिल्या रात्री उठून फ्रिज बंद केला.
शेजारच्या लोमट्यांच्या मोटारीला शिव्या दिल्या.
कौसल्या म्हणाली, कुठं काय वाजतंय?
इतकं एकटं मला कुणी केलं नव्हतं.

बिडवे डॉक्टरांनी आलेख दाखवला:
रेघ सरळ चाललेली, आणि चार हजारांपाशी
आडात पोहरा सुटावा तशी खाली.
इथल्या पेशी गेल्या, म्हणाले.
तिथून काही येईना, म्हणून मेंदू
आवाज मोठा करून शोधतोय.
ही शीळ म्हणजे त्याचं शोधणं.
जाईल का?
ती नाही जाणार कदाचित. तुमचं तिच्याकडं बघणं जाईल.

चार हजार.
माझा पहिला पगारही तेवढा नव्हता.

पुस्तकात लिहिलेलं, रात्री नळ बारीक सोडून झोपा.
लातुरात!
आठ दिवसांनी येणारं पाणी कानासाठी सांडू?
मी जुना रेडिओ काढला,
दोन स्टेशनांमधली खरखर लावली,
शिळेपेक्षा बोटभर कमी.
तिला झाकायचं नाही, शेजारी कुणी बसवायचं.

वहीत रोज आकडा. नऊ. नऊ. आठ. नऊ.
मेव्हण्याशी भांडलो, दहा.
मग एका पानावर:
कौसल्या तूर पाखडत होती, सूप बघत बसलो,
आकडा टाकायचा राहिला.

तिथनं धरलं मी.
रोज संध्याकाळी सूप माझ्या हातात.
पाखडायला येत नाही, दाणे अंगणभर.
ती ओरडते,
आणि तिचं ओरडणं चार हजारांच्या बरंच अलीकडचं,
सगळं ऐकू येतं.

पौषात नागनाथच्या शेतात हुरड्याला गेलो.
आगटी विझली, माणसं पांगली,
आणि ती आली, पूर्ण ताकदीनं, जणू कधी गेलीच नव्हती.
रातकिडेही होते म्हणे.
आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं,
बराच वेळ निवडत बसलो.
मग नाही निवडलं. घोंगडं ओढलं.

आत्ता हे लिहिताना आहे ती.
मिलला कुलूप लागलंय
आणि रात्रपाळीचा पहारेकरी अजून शिट्टी मारत फिरतोय,
त्याला कुणी सांगितलंच नाही.
मी सांगतो, रोज थोडं थोडं:
जे जायचं होतं ते गेलं, बाबा.
बस आता जरा. विडी ओढ.