दीड वीत

नोट प्रेसच्या गेटवर एकतीस वर्षं
माझी झडती झाली.
डबा उघडा, टोपी काढा, चपला झटका.
बागूल जमादार थंडीत आधी हातावर फुंकर मारायचा,
मग काखेतून कमरेपर्यंत चाचपायचा,
आणि विचारायचा, "गायधनी, पोराचा ताप उतरला का?"

गेटच्या बाहेर मात्र
सायकल माझी, संध्याकाळ माझी.
बिटकोला उभ्याउभ्या भेळ खाल्ली, घरी सांगितलं नाही.
महिन्यातून एकदा चेहेडीला
दारणेच्या काठी नुसता बसून यायचो.
पाण्यात खडासुद्धा टाकायचो नाही.
मंदाला वाटायचं, ओव्हरटाइम.
हा एक खिसा बागूललाही सापडला नाही.

आता जेलरोडला, दुसऱ्या मजल्यावर.
गॅलरीतून तुरुंगाची भिंत दिसते.
आतल्यांची मोजणी म्हणे ठरल्या वेळी होते.
माझी सारखी चालू असते.
ठुबेबाईंच्या दारावरचा कॅमेरा
थेट माझ्या उंबऱ्यात बघतो.
कोण आलं, किती वेळ बसलं,
त्या मला भाजीवाल्यासमोर सांगतात.
येतं कोण म्हणा.

घरातला तुषारने लावला,
मंदाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.
"बाबा, काळजी वाटते."
खरंच वाटते त्याला,
म्हणून तर भांडता येत नाही.
तिच्या फोटोच्या वर, लिंबाएवढा, मान फिरवतो.
सवयीने मी त्यालाही गंध लावायला गेलो होतो.

परवा पहाटे तीनला उठलो.
गुळाच्या डब्याचं झाकण वाजलं
आणि भिंत पुण्याहून बोलली,
"बाबा, शुगर!"
डबा खाली ठेवला.
आणि मग, हसू नका,
दोन्ही हात वर केले,
पाय थोडे फाकवले.
अंगाला सगळं पाठ होतं.
उभा राहिलो तसाच.
कुणाचा हात आला नाही.

कपाट आणि भिंत यांच्या मध्ये
दीड वीत जागा आहे.
पट्टीने नाही, अंगाने मोजली.
तिथे शिरलो की त्याच्या फोनवर मी नसतो.
जळमटं, मंदाची सुपली,
गालात गुळाचा खडा.
पलीकडे मान फिरल्याचा बारीक आवाज.

"बाबा? दिसत नाही तुम्ही.
कुठे आहात?"

चेहेडीला, म्हणणार होतो.
पण गूळ अजून
अर्धा शिल्लक होता.