चष्मा कपाळावर

डॉक्टर म्हणाले, शिंक आली तर तोंड उघडून.
शिंकरायचं नाही. वाकायचं नाही.
डोक्यातून घालायचे कपडे नकोत,
म्हणून बाबांचा कारखान्यातला शर्ट,
बटणांचा, खिशावर शाईचा डाग.

चष्मा नाकावर टेकवायचा नाही सहा आठवडे.
बाबांनी चिकटपट्टी कापली,
चष्मा मधोमध कपाळाला चिकटवला,
पतंगाला कन्नी बांधावी तसा मन लावून,
आणि मागे सरकून पाहिलं.

त्यांच्या चेहऱ्यावर अजून आहे ते नाक
जे मी दीड लाख मोजून उतरवून ठेवलं.
एका शब्दाने काही म्हणाले नाहीत.
दर चार तासांनी मिठाच्या पाण्याचा फवारा,
आधी डावी नाकपुडी, मग उजवी,
रात्रपाळीला व्हॉल्व्ह तपासायचे तसे.

रात्री तीन उशा. उताणी झोप.
डोळ्यांखाली जांभळं, मग हिरवं, मग
जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं.
हळदणकर काकू दारातूनच, "पडलीस का गं?"
"हो, पडली," बाबा म्हणाले. दार लावलं.
मग बराच वेळ मेथी निवडत बसले.

आठव्या दिवशी साचा निघाला.
शेंडा बधिर, दुसऱ्याच कुणाचा.

दहाव्या पहाटे खिडकी उघडी राहिली
आणि काहीतरी आत टोचलं,
बारीक, सडक्या अंड्याइतकं ओळखीचं.
"गॅस," मी म्हटलं.
बाबा अंथरुणात उठून बसले,
तेच मोठं, वाकडं नाक हवेत धरून.
"माहुलचा वारा," म्हणाले. "आला तुला?"

खिडकी लावायला
दोघंही उठलो नाही.