चार विसा नि तीन

लासूरच्या पुढे, एस.टी. जिथून मागे वळते,
त्या शाळेत मी तिसरीचे पेपर तपासते आहे.
केळीच्या मुलखात पेपर सफरचंदांचा :
एका टोपलीत सत्तेचाळीस, दुसरीत छत्तीस. एकूण किती?

जामली पावरानं ओढल्यात
चार लांब रेघा, तीन आखूड.
चौकटीच्या पार बाहेर.

फुली मारली. सवयीनं.
मग पुढचा पेपर उचलवेना.

माझी आई ट्रक भरताना केळीचे घड मोजायची,
वीस झाले की एक खडा ओच्यात.
दिवस मावळता खडे पसरून
मुकादमाचा आकडा खोटा पाडायची.
सहीला मात्र अंगठा.

आणि मी, चोपड्याच्या शाळेत, पाचवीत,
हजेरीला म्हणाले, "मी उनू."
वर्गभर खसखस.
त्यानंतर वर्षभर मी शाळेत आलेच नाही,
नुसती हजर होते.

सकाळी जामलीला फळ्याशी बोलावलं.
तिनं खडू घेतला नाही.
दोन्ही पंजे उघडले, मग खाली अनवाणी पायांकडे बोट केलं,
आणि तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली
जे माझ्या बाराखडीत बसेना.
मुबारक तडवीचं घर तिच्या पाड्यालगत, तो म्हणाला,
"बाई, ती सांगते, वीस म्हणजे अख्खा माणूस."

हेरंब चौधरीनं बूट काढले, मोजे काढले.
मोजायला पायही लागतात
हे त्याला आजच कळत होतं.
चौघं ओळीत उभे राहिले,
पाचव्यानं तीन बोटं वर केली.
त्र्याऐंशी.
कुणीतरी हसलं, पण ते हसणं वेगळं होतं.

फुली खोडली. पूर्ण गुण दिले.
केंद्रप्रमुख विचारतील, खाडाखोड कशाला?
विचारू देत,
फार तर मी आईचे खडे दाखवीन,
डबीत आहेत अजून सात-आठ.

हजेरी राहिली होती.
पटावर अडतीस. समोर एक वीस नि नऊ.
बाकीची नऊ बारडोलीकडे, उसाच्या फडावर,
आईबापांमागे, दिवाळीपासून.
त्यांच्या रकान्यात मी रोज 'गै' लिहिते
आणि रोज तो 'गै' जरा पुसट लिहिते.

जामली अजून फळ्याशीच.
वर्गावरून नजर फिरवून विचारते,
मुबारक तिचं मराठी करतो :
"बाई, ती म्हणते,
हा दुसरा माणूस अर्धाच का?"